डेटा कुणी संपवला

आमच्या घरात हे कुणालाच माहीत नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा मी बाकीचं सगळं बोलते आणि एवढं वगळते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे. ओळखत असतात तर चहा दिला असता, पोरांची चौकशी केली असती — आणि हे पोटातच ठेवलं असतं.

मी चिंचपोकळीला राहते. चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत, शेजारी शेजारी. एकीत आम्ही, दुसरीत माझा धाकटा दीर नितीन, त्याची बायको स्मिता, त्यांचा मुलगा आणि सासरे — आप्पा. मधली भिंत म्हणजे नुसतं प्लायचं पार्टिशन. तिकडे कुकरची शिट्टी झाली की इकडे मला माझाच कुकर वाटतो. हे आधी सांगते, कारण भिंत जाड असती तर कदाचित — नाही, ते नको. भिंतीचा काही दोष नाही.

मी ब्लाउज शिवते. पंचवीस वर्षं झाली. हिंदमाताला एक साडीचं दुकान आहे, त्यांचं काम माझ्याकडे येतं, शिवाय चाळीतल्या बायका. लग्न होऊन आले तेव्हा मला साधं बटण लावता येत नव्हतं. कापडं बिघडवत, बोलणी खात शिकले. मुंढा — म्हणजे बाही जिथे जोडतो तो गोल — सगळ्या शिकाऊ बायका खोल कापतात, हात मोकळा राहावा म्हणून. उलट तो वर ठेवायचा असतो. मग हात डोक्यावर नेला तरी ब्लाउज वर चढत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. दहा-बारा ब्लाउज उसवून माझं मला कळलं. त्या दिवशी मला किती आनंद झाला होता, सांगू? आणि तो सांगायला घरात कुणी नव्हतं.

स्मिता लग्न होऊन आली, तिला मी शिकवलं. मनापासून शिकवलं, हे खरं आहे. ती पदवीधर, आधी लोअर परळला एका ऑफिसात होती, मग मुलगा झाल्यावर घरी बसली. दुपारी माझ्या मशीनपाशी येऊन बसायची. "ताई, हे परत एकदा दाखवा ना." मी दाखवायची. मुंढ्याचं तेही दाखवलं.

टाळेबंदी संपली आणि पुढच्या वर्षी तिने ऑनलाइन क्लास काढला. ब्लाउज शिवण्याचा. फोन स्टँडवर उलटा लावायची, खाली पाटावर कापड अंथरायची आणि कापता कापता बोलायची. आधी सहा बायका होत्या. मग वीस. मग नाशिक, सांगली, कुणी दुबईहून, कुणाची मुलगी मस्कतला ती. रोज दुपारी तीन वाजता पार्टिशनच्या पलीकडून तिचा आवाज यायचा — "सगळ्यांना दिसतंय का? आवाज येतोय का?" — आणि इकडे मी मशीनवर बसलेली. माझाच मुंढा, माझीच बाही, माझाच अस्तर लावायचा क्रम. एक एक गोष्ट मला ऐकू यायची.

तुम्हाला वाटेल, तिने माझं नाव घेतलं नाही म्हणून मला राग आला. तसं असतं तर किती सोपं झालं असतं. तिने नाव घेतलं. मी माझ्या कानांनी ऐकलं — "हे मला आमच्या सुनंदाताईंनी शिकवलं. माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांचा हात फार छान आहे हो." आणि पलीकडून पंधरा-वीस बायका म्हणाल्या, "अरे वा." मी मशीन थांबवलं. मला आनंद व्हायला हवा होता ना? माझ्या छातीत काहीतरी जळत वर आलं. तिने मला बाजूला काढून, पुसून, कौतुकाने कपाटात ठेवून दिलं असं वाटलं. तिने चोरलं असतं तर मी भांडले असते. तिने दिलं — आणि माझ्याकडे भांडायलाही काही राहिलं नाही.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. म्हणजे त्या होतच होत्या, मला दिसायला लागल्या. खालच्या मजल्यावरची एक बाई, वर्षानुवर्षं माझ्याकडे येणारी, माझ्या दारात उभी राहून विचारते, "स्मिता आहे का हो घरात?" हातात कापडाची पिशवी. माझी मुलगी पल्लवी कॉलेजातून आली की जेवायच्या आधी तिकडे पळते, काकीचा स्टँड लावायला, काकीचे व्हिडिओ कापून नीट करायला. माझ्या मशीनला तेल घाल म्हणून मी चार दिवस सांगत होते. आणि माझे यजमान — सरळ माणूस, मनात काही नसतं — रात्री जेवताना म्हणाले, "स्मिताने नाव काढलं हां." कुणाचं नाव? मी त्यांच्या ताटात भात वाढला.

आता नेटचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

कनेक्शन स्मिताने घेतलं होतं, आमच्या भागातल्या केबलवाल्याकडून. डबा तिच्या खोलीत, पण पासवर्ड तिने पहिल्याच दिवशी मला कागदावर लिहून दिला. "ताई, तुम्ही पण वापरा, नवीन गळे बघा." महिन्याला ठरावीक जीबी मिळायचे. ते संपले की नेट रांगायला लागायचं, आणि पुन्हा नीट हवं असेल तर जादा पैसे भरून टॉप-अप मारायचा. स्मिता हिशोबाने वागायची. पोराची शाळा, तिचा क्लास, आप्पांचा टॅब — महिना बरोबर निघायचा.

आप्पांचं थोडं सांगायला हवं. तेव्हा ते चौऱ्याऐंशीचे होते. गिरणीत विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. चारशे साचे, म्हणजे माग, एकदम चालत असायचे आणि त्यातला कुठला बिघडला ते हा माणूस नुसत्या आवाजावरून सांगायचा, असं त्यांच्याबरोबरचे लोक अजून सांगतात. गिरणी बंद झाल्यावर चाळीतल्या लोकांचे पंखे, मिक्सर, शिलाई मशीन दुरुस्त करायचे. माझं पहिलं मशीन त्यांनीच उघडून साफ करून दिलं होतं. पुढे गुडघे गेले, ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा नितीनने त्यांना एक टॅब आणून दिला. त्यावर ते दशावतार बघायचे. गावाकडची माणसं देवळासमोरची नाटकं रेकॉर्ड करून टाकतात, ती. सकाळी आंघोळ झाली की खाटेवर मांडी घालून बसायचे, पाठ असलेले संवाद नटाच्या आधी म्हणायचे, आणि नट चुकला की त्याच्यावर चिडायचे. दिवसातून दोन नाटकं. जास्त नाही. मग स्वतः बटण दाबून बंद करायचे, फडक्यात गुंडाळून उशीखाली ठेवायचे.

स्वतः बंद करायचे. हे मला माहीत होतं. मी रोज बघत होते.

तर — माझ्या मुलाने, अमोलने, पहिल्या पगारातून आमच्याकडे मोठा टीव्ही घेतला होता, नेटवर चालणारा. एका दुपारी मी त्यावर कुठलासा समुद्राचा व्हिडिओ लावून बसले होते, नुसता बघायला बरा वाटतो म्हणून. पल्लवी आली आणि म्हणाली, "आई, हे फोर-के लावू नकोस हां. फार नेट खातं. काकीचे जीबी संपतील, क्लास अडकेल तिचा."

तिने ते मला अडवण्यासाठी सांगितलं होतं. मला रस्ता दिसला.

ठरवून केलं का? मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. पहिल्या दिवशी मी म्हटलं, असू दे, थोडा वेळ चालू राहू दे. दुसऱ्या दिवशी मी शोधून लावलं — दहा तासांचा व्हिडिओ होता, रंगीत मासे, खडकांतून इकडून तिकडे पोहणारे. सर्वांत वरची क्वालिटी निवडली. आवाज बंद केला, म्हणजे पलीकडे कळू नये. आणि मी टीव्हीकडे पाठ करून मशीनवर बसले. आता सांगा — ठरवून नाही तर कसं?

यजमान कामावर, अमोल ऑफिसात, पल्लवी कॉलेजात. अकरा ते चार खोलीत मी आणि मासे. एकदा हे लवकर घरी आले आणि म्हणाले, "हे काय बघतेस?" मी म्हटलं, "शिवताना डोळ्यांना बरं वाटतं." ते हसले.

त्या महिन्यात अठरा तारखेलाच जीबी संपले. मला आधी कळलं ते पार्टिशनमधून. स्मिता म्हणत होती, "हॅलो? दिसतंय का? मी दिसतेय का?" — पुन्हा पुन्हा. "मुंढा असा… हॅलो?" मग तिने क्लास बंद केला, सगळ्यांची माफी मागितली. मी सुई ओवत होते. माझे हात अगदी स्थिर होते. मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही — खूप दिवसांनी मला छान झोप लागली.

तिने टॉप-अप मारला. तो मी चार दिवसांत संपवला. तिने दुसरा मारला. दोन क्लास बुडाले, काही बायकांनी पैसे परत मागितले, एकीने ग्रुपवर लिहिलं की आधी नेट नीट करा, मग शिकवा. पल्लवीने मला ते वाचून दाखवलं, चिडून. मी म्हटलं, लोक काय, बोलायचेच.

पुढच्या महिन्यातही तेच. मग नितीनने केबलवाल्याच्या माणसाला बोलावलं. त्याने डबा बघितला, फोनवर काहीतरी तपासलं आणि म्हणाला, लाइन एकदम ओके आहे, वापरच एवढा आहे. एवढा वापर व्हिडिओशिवाय होत नाही. घरात दिवसभर व्हिडिओ कोण बघतं?

मी तेव्हा दारातच होते. वाटीत सुकटीची चटणी घेऊन गेले होते, आप्पांना आवडायची म्हणून. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग नितीनने मला विचारलं — वाईट मनाने नाही, सहज — "वहिनी, तुमच्याकडे कोण बघत नाही ना?"

तिथे मी सांगू शकले असते. सांगायचं नव्हतं तर गप्प राहू शकले असते. नुसतं "बघते कधी कधी" म्हटलं असतं तरी चाललं असतं, त्यांनी हसून सोडून दिलं असतं, एवढी मी त्यांची मोठी होते. मी काय केलं? मी म्हटलं, "आमच्याकडे कोण आहे रे दुपारचं? मी असते मशीनवर." आणि मग — हे कुणी विचारलं नव्हतं — मी आवाज खाली आणून म्हटलं, "आप्पांचं वय झालं. चालू ठेवून झोपत असतील. मी एक-दोनदा बघितलं, पण म्हटलं कशाला बोलायचं."

बघितलं. मी बघितलं असं म्हटलं.

आप्पा खाटेवर बसले होते. त्यांना अर्धंच ऐकू आलं. नितीन मोठ्याने, एकेक शब्द तोडून त्यांना सांगायला लागला, लहान मुलाला सांगतात तसं. आप्पांनी टॅबकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "मी दोनच नाटकां बघतंय रे. तेका एवढा लागता?"

"चालू ठेवून झोपता तुम्ही, आप्पा. वहिनीने बघितलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, खोटं आहे. ते तसं म्हणाले नाहीत. ते विचार करत होते. आपण खरंच झोपलो का, कधी झोपलो, हे आठवायचा प्रयत्न करत होते. आणि त्यांना आठवेना — तेव्हा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. "आसात," म्हणाले. "सून सांगता तर आसात." आणि टॅब दोन्ही हातांनी नितीनपुढे धरला.

नितीनने तो कपाटावर ठेवला. स्मिता म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात, राहू दे त्यांच्याकडे." ती एकटी म्हणाली. मी चटणीची वाटी ओट्यावर ठेवली आणि घरी आले.

मी मासे बंद केले. घाबरून केले. पण त्याचा परिणाम काय झाला बघा — पुढच्या महिन्यात जीबी उरले. टॅब कपाटावर गेला आणि डेटा पुरला. याच्यापुढे पुरावा काय हवा? मी थांबले, आणि थांबल्यामुळे गुन्हा त्यांच्यावर पक्का बसला. स्मिताचा क्लास परत नीट सुरू झाला. माझं जळणं काही थांबलं नाही. एवढं करून माझ्या हाती एवढंसंही समाधान लागलं नाही.

आप्पा बदलले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. ते कुठल्याच वस्तूला हात लावेनासे झाले. रिमोट बाजूला पडलेला असायचा, पण ते पल्लवीची वाट बघायचे. फोन वाजला तर वाजू द्यायचे. उन्हाळ्यात एकदा मी गेले तर घामाने निथळत बसलेले, डोक्यावर पंखा बंद. मला बघून म्हणाले, "फॅन लावू काय गो?" मला विचारत होते. ज्या माणसाने माझं मशीन सुटं करून पुन्हा जोडलं होतं, तो पंख्याचं बटण दाबायची परवानगी मागत होता. मी पंखा लावला. काय बोलणार होते मी? बोलायचं तर एकच होतं.

वर्षभरात स्मिताने मोठा प्लॅन घेतला, मर्यादा नसलेला. त्या दिवशी तिने टॅब कपाटावरून काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि आप्पांच्या मांडीवर ठेवला. "आप्पा, आता कितीपण बघा. संपतच नाही." त्यांनी तो उचलून तिच्या हातात परत दिला. "नको गो. माझ्या हातान परत कायतरी होतला." ती खूप मागे लागली. त्यांनी घेतला नाही.

मला एकटीला त्यांच्याजवळ बसायला मिळालं नाही असंही नाही. डोळे दाखवायला परळला मीच घेऊन जायची. एकदा नंबर यायला फार वेळ होता, आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. ते आपणहून बोलायला लागले. म्हणाले, त्या महिन्यात स्मिताचे क्लास बुडाले, पोरीचं नुकसान झालं माझ्यामुळे. मग माझ्या हातावर हात ठेवला. "तू तर येका शब्दान बोललंस नाय माका."

मी म्हटलं, "असू दे हो आप्पा. होतं असं."

समजलं ना, काय झालं ते? मी त्यांना माफ केलं.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. छातीत कफ झाला, पाच दिवस दवाखान्यात होते, संपलं. स्मिता फार रडली. मला धरून म्हणाली, "ताई, मी तेव्हा टॅब काढून घेऊ द्यायला नको होता. त्यांचं तेवढंच होतं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "तुझं काय चुकलं त्यात?" एवढंच म्हटलं, पुढचं वाक्य तोंडात होतं तिथेच राहिलं. आणि तुम्हाला सगळं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगते — तेव्हासुद्धा मला तिचा हेवा वाटला. तिला मोकळं रडता येत होतं.

स्मिताचा क्लास आता मोठा झाला आहे. भायखळ्याला तिने एक गाळा भाड्याने घेतला आहे, चार मशीन आहेत. मला बोलावते. मी जाते, बाही लावून दाखवते, मुली माझ्याभोवती उभ्या राहतात, स्मिता म्हणते, बघा, ताईंचा हात बघा. मी हसते. आणि आतून तेच, अजून. ते गेलेलं नाही. जाईल असं मला वाटायचं.

आप्पांची ती गोष्ट आता घरातली गंमत झाली आहे. म्हाताऱ्याने अख्ख्या महिन्याचा डेटा संपवला, केबलवाला चक्रावला, आणि आप्पा म्हणतात कसे, दोनच नाटकां बघतंय रे. नितीन त्यांची नक्कल छान करतो. त्यांच्या वर्षश्राद्धाला सांगितली, गणपतीत गावी सांगितली. प्रेमाने सांगतात, कुणाच्या मनात वाकडं नाही.

गेल्या महिन्यात अमोलचं लग्न झालं. नवी सून आली, ठाण्याची आहे, बोलकी आहे. रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवायला बसली होती. तिने भिंतीवरच्या फोटोकडे बघून विचारलं, आजोबा कसे होते हो? नितीनने गोष्ट सुरू केली, तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो उठून बाहेर गॅलरीत गेला. ती माझ्याकडे वळून बसली. म्हणाली, "आई, मग पुढे काय झालं?"

मी सांगितलं. केबलवाला आला ते सांगितलं, सगळे एकमेकांकडे कसे बघत होते ते सांगितलं. आप्पांचा आवाज काढला, दोन्ही हातांनी टॅब पुढे धरून दाखवला. सून हसली, पल्लवी हसली, स्मिता डोळे पुसत पुसत हसली. मी कुठेही अडखळले नाही.